आधी खोड सांगणारी मावशी

माझ्या मावशीने आयुष्यभर लोकांची लग्नं जुळवली आणि एकदाही कुणाची खोटी स्तुती केली नाही. ऐकायला बरं वाटतं हो, पण या धंद्यात असं वागणं म्हणजे आपल्या हाताने दुकानाला कुलूप घालणं. मुलाच्या घरी जायची, ऐसपैस बसायची, चहा प्यायची, कप खाली ठेवायची आणि म्हणायची, "मुलगी घोरते."

मग मुलाची आई मुलाच्या बापाकडे बघायची. शेवटी कुणीतरी घसा खाकरून विचारायचं, "आणि?"

"आणि काही नाही. घोरणं चालत असेल तर पुढे बोलू."

तिचा नियमच होता, आधी खोड सांगायची. "गुण काय, आपोआप कळतात," ती म्हणायची. "खोड लपवली की ती लग्नानंतर बाहेर येते, आणि मग शिव्या कुणाला? मला." तिने कधी एक अक्षर लिहून ठेवलं नाही. अख्ख्या शहराच्या खोडी तिच्या डोक्यात. रस्त्याने चालताना समोरून कुणी भला माणूस नमस्कार करत आला, की ही नमस्कार करायची आणि तो पुढे गेला की माझ्या कानात सांगायची, "हा रडका आहे. साबण डोळ्यात गेला तरी आईला हाक मारतो."

तिची जमवलेली लग्नं टिकायची, हे मात्र खरं. पण मग मोबाइल आले. पोरंपोरी आपापले फोटो बघून ठरवायला लागली. फोटोत घोरणं दिसत नाही, त्यामुळे मावशीकडे येणं बंद झालं. दारावरची पाटी तेवढी राहिली, तीही एका खिळ्यावर लोंबत.

आता माझं सांगते. मी तिची भाची. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून मी हिच्याकडे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या. माझं तोंड जरा फटकळ आहे. जरा म्हणजे, जिन्यात माझा आवाज आला की खालचा सायकलवाला हातातला पाना टाकून मागच्या दाराने चहाला जातो. त्याने काही केलेलं नसतं तरी जातो.

मी थर्माकोलच्या ताटल्यांच्या कारखान्यात होते, बांधणी खात्यात. एकदा जेवा आणि फेका, त्या ताटल्या. मावशी मला चिडवायची, "तुझ्या ताटलीत जेवणारा म्हातारा होऊन मरेल, पण ताटली आपली तरुणच!" मी म्हणायचे, "गप बस, त्यावर घर चालतंय." मग त्या ताटल्यांवर बंदी आली, कारखाना बंद झाला आणि मी घरी बसले. नोकरी गेलेली मी आणि धंदा गेलेली मावशी, दोन खोल्यांत दिवसभर समोरासमोर. भांडायला तरी किती विषय पुरणार? एकदा आम्ही चमचा कुठल्या बाजूला ठेवायचा यावरून संध्याकाळपर्यंत अबोला धरला होता.

त्यात माझ्या दादाचा फोन. तो लांबच्या शहरात असतो. "तू इकडेच ये. तिथे बसून काय करतेस? तुझ्या वहिनीला मदत होईल, मुलांकडे बघशील." मदत होईल! मला काय कळत नाही का? कोपऱ्यात अंथरूण, सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचं आणि कुणी पाहुणा आला की "ही आमची बहीण, बिचारीला काम नाही." महिनाअखेर गाडी घेऊन न्यायला येतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, "तोवर काम मिळालं तर येणार नाही." तो हसला. त्याचं ते हसणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की हातात जे असेल ते जोरात आपटलं जातं.

मावशी म्हणाली, "जा की. मला काय होतंय एकटीला?" आणि चहात मीठ घातलं. मी तो चहा मुकाट्याने प्यायले, यावरून काय ते समजा.

तर अशात एक दिवस मावशीला नगरपालिकेच्या भिंतीवर एक कागद दिसला. "पर्यावरणपूरक रोजगार केंद्र. प्रचारक पाहिजे. घरोघरी ओळखी असाव्यात." मावशी म्हणाली, "ओळखी? कुणाच्या घरात कोण कुणाशी बोलत नाही ते सुद्धा सांगते." तशीच आत गेली आणि काम घेऊनच बाहेर आली.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली, चार खुर्च्या आणि प्लास्टिकच्या कुंडीत प्लास्टिकचं झाड. केंद्रप्रमुख एक चष्मेवाली तरुण बाई. स्वभावाने सालस, कामाला वाघ, पण बिचारीची अडचण अशी की तिच्याकडे कामं पडून होती आणि माणसं येत नव्हती. लोकांना वाटायचं, पर्यावरणाचं काम म्हणजे झाडाला पाणी घालून टाळ्या वाजवायच्या. तिने मावशीला तासभर समजावून सांगितलं. मावशीने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे असं काम, की आपण करून गेल्यावर दुसऱ्याला मागची घाण काढावी लागत नाही. बरोबर?"

"हो, तसंच म्हणा," ती म्हणाली.

मावशीने दुसऱ्या दिवसापासून शहर पालथं घातलं. जिथे जिथे लग्नं लावली होती तिथे तिथे जाऊन बसली. लोकांना वाटलं, जुनी बाई भेटायला आली. ही चहा प्यायची आणि विचारायची, "जावयाचं काम कसलं? धूर निघतो का?" एकाचा जावई वीटभट्टीवर होता, त्याच्या सासूबाई आठवडाभर हिच्याशी बोलल्या नाहीत. न्हाव्याच्या दुकानात, दळणाच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, हिचं एकच चालू. दवाखान्यात एका खोकणाऱ्या माणसाला म्हणाली, "कुठे काम करता ते सांगू नका, छाती ऐकूनच कळलं." तो माणूस आता बॅटरीची रिक्षा चालवतो, ते वेगळं.

पण खरी गंमत पुढे. छपरांवर सौरपट्ट्या बसवणाऱ्या कंपनीचा माणूस केंद्रात आला. केंद्रप्रमुखांनी मावशीला आधीच बजावलं होतं, "मावशी, उमेदवाराची बलस्थानं सांगायची हं. मेहनती, होतकरू, वगैरे."

"बलस्थानं त्याची आई सांगेल," मावशी म्हणाली आणि कंपनीवाल्याकडे वळली. "माणूस आणलाय. खोड आधी सांगते. दिवसरात्र छपरावर असतो. कबुतरं पाळतो. याचं लग्न जुळवायचा मी तीनदा प्रयत्न केला. मुलीकडचे आले की हा वर. हाका मारमारून घसा बसायचा, तर हा पन्हाळीच्या पाइपावरून खाली उतरायचा, पाहुण्यांच्या अगदी समोर. कोण मुलगी देईल?"

केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावला. कंपनीवाला मात्र पुढे सरकला. "उंचीची भीती नाही वाटत त्याला?"

"उंचीची नाही वाटत. माणसांची वाटते."

तो माणूस तिथल्या तिथे कामाला लागला. आज शहरातल्या निम्म्या छपरांवर त्याच्या हातच्या पट्ट्या आहेत, आणि कबुतरंही त्याच्याबरोबर फिरतात असं ऐकते.

त्या दिवशी मावशी घरी आली ती वेगळीच. चपला न काढता खुर्चीत बसली. "अगं," ती म्हणाली, "माझ्या डोक्यात नाकारलेली माणसं भरून पडली आहेत. त्यांना मी चुकीच्या घरी नेत होते गं!"

मग काय, धडाकाच लावला. एक होता दिवेविझव्या. चिक्कू नव्हे, पण दिवा दिसला की मालवायचा. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं कारण होणारे सासरे जेवत असताना याने खोलीतला दिवा घालवला, म्हणे खिडकीतून उजेड येतोय की. त्याला मावशीने मोठमोठ्या इमारतींत वाया जाणारी वीज शोधायच्या कामाला लावलं. पहिल्याच आठवड्यात त्याने लिफ्ट बंद केली, आत तिथले साहेब होते. साहेब बाहेर आले ते लालबुंद, पण त्या महिन्याचा विजेचा आकडा बघून गोरेमोरे झाले आणि याला कायम केलं. दुसरी एक नाकवाली होती. कुणाच्याही घरात शिरली की उंबऱ्यातच सांगायची, "तुमच्याकडे काहीतरी नासलंय." कोण सून करून घेणार? मावशीने तिला ओल्या कचऱ्याचं खत करतात तिथे नेलं. ती ढिगांमधून नाक वर करून फिरते आणि कुठला ढीग बिघडलाय ते सांगते. तिथे तिला सगळे ताई ताई करतात.

आणि मावशीची जुनी सवय, लग्न लावून दिलं की महिन्याभरात चौकशीला जायचं. इथेही तेच. कंपनीच्या दारात जाऊन उभी राहायची आणि मालकाला विचारायची, "काय हो, आमचा नीट नांदतो ना?" मालक लोक आधी गोंधळायचे, मग सवयीने म्हणायला लागले, "नांदतो, नांदतो, चहा घ्या."

सगळ्यांची सोय लागली हो. फक्त माझी नाही.

मी रोज बघत होते. आज याला काम, उद्या तिला काम. जो माणूस पायात पाय घालून पडायचा त्यालासुद्धा हिने कुठेतरी चिकटवला. मी विचारलं की म्हणायची, "तुझं बघतेय गं." काय बघतेय? महिना सरत आला. दादाने फोन करून सांगितलं की गाडी ठरवली. मी रागारागाने ट्रंक काढली, कपडे भरले, परत काढले, परत भरले. मावशी शेजारी बसून भाजी निवडत होती. निवडलेली टाकत होती आणि देठं ठेवत होती.

आणि मग जुन्या प्लास्टिकचे दाणे करणाऱ्या कारखान्याच्या मालकाने केंद्रात निरोप पाठवला, पट्ट्यावर मुकादम पाहिजे. लांब पट्ट्यावरून शहरभराचं टाकलेलं प्लास्टिक येतं, दोन्ही बाजूंना माणसं उभी राहून वेगवेगळं करतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. मावशी घरी येऊन म्हणाली, "उद्या चल माझ्याबरोबर. नीट केस विंचर. आणि हे बघ, तिथे तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. बोलायचं ते मी बोलेन."

मी म्हटलं, "बरं." एवढा एकच शब्द बोलून गप्प बसण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग असेल.

मालकाची खोली काचेची. काचेपलीकडे तो पट्टा खडखड खडखड चाललेला, खोलीतही ओरडूनच बोलावं लागत होतं. मालक गोल चेहऱ्याचा, थकलेला. मावशीवर त्याचा भारी विश्वास, कारण दिवेविझव्या त्याच्याकडेही येऊन गेला होता. मालक सही करत असताना त्याने डोक्यावरचा पंखा बंद केला होता, पण कामाचा माणूस निघाला.

"बसा मावशी," मालक म्हणाला. "आधीच्या मुकादमाने माझं वाटोळं केलं बघा. सोन्यासारखा माणूस, पण कुणाला बोलायचा नाही. पोरं गप्पा मारतायत, हा हसतोय. पट्ट्यावरून चपला गेल्या, छत्र्या गेल्या, एकदा कुणाचा तरी दातांचा संच गेला. सगळा माल बिघडला. तेव्हा आता तुमच्या पद्धतीने सांगा. खोड काय?"

मावशीने कप खाली ठेवला. मी जमिनीकडे बघत बसले. मला माझी खोड ठाऊक होती आणि इथे नेमकी तीच पाहिजे होती. मनात म्हटलं, चला, सुटले.

मावशी म्हणाली, "खोड काही नाही."

मालकाने कान पुढे केला. "काय?"

"खोड नाही म्हटलं! मुलगी गुणी आहे. शांत आहे. गोड बोलते. कुणाला कधी दुखवत नाही."

मालकाचा चेहरा पडला. "गोड बोलते? मग नको हो मावशी. गोड माणूस आत्ताच घालवलाय मी. आणि खोड नसलेलं माणूस तुम्ही आजवर आणलं नाहीत, म्हणजे हिच्यात काहीतरी भयंकर असणार." तो उठलाच. "दुसरं कुणी असेल तर सांगा."

मला ट्रंक दिसली. दादाचं हसणं ऐकू आलं. आणि मग जे झालं ते झालं.

"गोड?" मी ओरडले. "मी गोड? मावशी, तुला लाज नाही वाटत धडधडीत खोटं बोलायला? अख्ख्या शहराच्या खोडी चव्हाट्यावर मांडल्यास, घोरणारे, रडके, कबुतरवाले, कुणाला सोडलं नाहीस, आणि माझ्या वेळेलाच तुझी जीभ अडली? मी भांडखोर आहे! मी कुणाचं ऐकून घेत नाही! कारखान्यात माझ्यामुळे दोघांनी खातं बदलून घेतलं! खालचा सायकलवाला मला बघून पळतो! सांग ना हे! आणि माझ्या लग्नाच्या वेळी काय केलंस? सगळ्या जगाची लग्नं लावलीस, माझ्यासाठी एक स्थळ आणलं नाहीस. एक! मी कधी विचारलं नाही. आज विचारते. का?"

बोलून थांबले तेव्हा लक्षात आलं की खडखडाट बंद झाला होता. काचेपलीकडे पट्टा थांबला होता. माणसं हातमोजे घालून जागच्या जागी ताठ उभी होती, सगळी आमच्याकडे बघत. त्यातला एक धावत आला. "साहेब, भोंगा कसला वाजला? आग लागली का?"

मालक त्याच्याकडे बघेना, माझ्याकडे बघेना. तो मावशीकडे बघत होता, कारण मावशी रडत होती. माझी मावशी, जी कुणाच्या मयतालाही मेलेल्याची खोड सांगून येते.

"आणणार कशी स्थळ?" ती म्हणाली. "खोड सांगितल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, हा माझा नियम. निघायचे गं मी. दोनदा निघाले. जिन्यापर्यंत जायचे. पण परक्या माणसासमोर बसून तुला फटकळ म्हणायचं... नाही झालं माझ्याच्याने. नियम मोडून खोटं सांगावं, तर तेही जमेना. म्हणून बसून राहिले. वर्षं गेली. आज म्हटलं, दादा न्यायला येतोय, मोडू दे एकदा नियम. तर तेही फसलं."

राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही, आणि डोळे भरून आले, तेही त्या अनोळखी मालकासमोर.

मालकाने टेबलावरचे कागद उगाचच इकडचे तिकडे केले. मग मला विचारलं, "पट्टा चालू असताना हाच आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाईल ना?"

"थांबला तो पट्टा कशाने?" मी म्हटलं.

"तेही खरं. उद्यापासून या."

घरी येताना जिन्यात मावशी म्हणाली, "दातांचा संच कुणी टाकला असेल गं?" आणि आम्ही पायरीवर बसून इतकं हसलो की सायकलवाला पाना टाकून पळाला. वर गेल्यावर मी दादाला फोन केला. गाडी रद्द कर म्हणून सांगितलं. या वेळी हसले ती मी.

काम म्हणाल तर मला मानवलंय. पट्ट्याच्या टोकाला एका उंच फळीवर मी उभी असते. वीस हात लांबून कुणी बाटलीचं झाकण न काढता सोडलं तर मला दिसतं, आणि मला दिसलं की सगळ्यांना ऐकू येतं. अधूनमधून आमच्या जुन्या कारखान्याच्या ताटल्या येतात. मी बांधलेल्याच असणार, माहेरी आलेल्या पोरींसारख्या थकूनभागून येतात. त्या इथे चालत नाहीत, बाजूला काढायच्या असतात. मी काढते, आणि दोन शब्द सुनावते. त्यांना नाही, स्वतःला.

महिना भरला आणि अपेक्षेप्रमाणे मावशी चौकशीला आली. फाटकातून सरळ आत, पिशवी छातीशी धरून. मी फळीवरून बघत होते. मालक तिला भेटायला पट्ट्यापाशीच आला.

"काय हो," मावशीने त्या खडखडाटात ओरडून विचारलं, "आमची नीट नांदते ना?"

"कसली नांदते!" मालकही ओरडला. "सगळ्यांवर ओरडते. काल माझ्यावर ओरडली. चपला काढून आत या म्हणाली, माझ्याच कारखान्यात! माल मात्र एकदम स्वच्छ निघतोय."

मावशीने पट्ट्याभोवतीच्या सगळ्या माणसांकडे एकदा बघितलं, चांगलं निरखून. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फटकळच आहे ती. लहानपणापासून. तोंडाला लगाम म्हणून नाही. आता तुम्हीच सांभाळा."

आणि हसली. असं हसताना मी तिला फक्त लग्नमंडपात बघितलंय, नवरानवरी निघाल्यावर, मागे उभी राहून.

मी फळीवरून ओरडले, "मावशी, पट्ट्यापासून लांब उभी राहा! पिशवी अडकेल!"

ती दोन पावलं मागे सरकली. मालकही सरकला.